न्यू जर्सीच्या रिटर्नमध्ये मुलांची नावं आहेत, मग पैसे कुठे गेले?

प्रश्न थोडक्यात असा : "आम्ही वर्षभर न्यू जर्सीत, एडिसनलाच होतो. माझी नोकरी मॅनहॅटनमध्ये, पगार १ लाख ४० हजार डॉलर. बायको एच-४ या डिपेंडंट व्हिसावर, सध्या घरी. मुलगी नऊ वर्षांची, पुण्यात जन्मलेली, तिचा आयटीआयएन (सोशल सिक्युरिटी नंबर नसणाऱ्यांचा कर-नंबर) आहे. मुलगा दोन वर्षांचा, इथेच जन्मलेला. २०२५ च्या फेडरल रिटर्नमध्ये मुलांमुळे २,७०० डॉलर वाचले. न्यू जर्सीच्या रिटर्नमध्ये मात्र मुलांची नावं टाकली काय आणि काढली काय, आकडा हलत नाही. स्टेटमध्ये चाइल्ड डिडक्शन कसं घ्यायचं? सॉफ्टवेअर चुकतंय का?"

सॉफ्टवेअर बरोबर आहे आणि तुमच्या हातूनही काही चुकलेलं नाही. तुम्ही बघताय ते रिटर्न मात्र चुकीचं आहे. मुलांचे पैसे तुम्हाला न्यूयॉर्कच्या रिटर्नमध्ये सापडतील, आणि तेही फार नाहीत.

आधी फेडरलचा हिशोब बाजूला काढून ठेवू, कारण सगळा गोंधळ तिथूनच येतो. तुमच्या २,७०० पैकी २,२०० धाकट्याचे. त्याच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर आहे, वय सतराच्या आत आहे, आणि तुमचा स्वतःचाही नंबर आहे. मुलीकडे आयटीआयएन असल्याने तिचे ५००. ही दोन्ही क्रेडिटं, म्हणजे कर काढून झाल्यावर त्या करातून थेट वजा होणारी रक्कम. २०१७ पर्यंत फेडरलमध्येही प्रत्येक डिपेंडंटमागे, म्हणजे तुमच्यावर अवलंबून असलेल्या माणसामागे, ४,०५० डॉलरचं एक्झेम्प्शन असायचं, ते उत्पन्नातून वजा व्हायचं. २०१८ पासून ते शून्यावर आणलं आणि क्रेडिट वाढवलं. बऱ्याच राज्यांनी मात्र आपली जुनी पद्धत सोडली नाही. त्यामुळे माणूस फेडरलमध्ये हजारांचे आकडे बघून स्टेटच्या पानावर येतो आणि तिथे '१,५००' दिसले की त्याला वाटतं, चला, दीड हजार मिळाले. ते दीड हजार उत्पन्नातून वजा होतात. हातात येतो तो त्यावरचा कर, आणि तो किती हे तुम्ही कोणत्या टप्प्यात आहात त्यावर ठरतं.

न्यू जर्सीत नवरा-बायकोचे प्रत्येकी १,००० आणि प्रत्येक मुलामागे १,५०० असं एक्झेम्प्शन आहे. तुमचं एकूण झालं ५,०००. तुमची नोकरी एडिसनमध्येच असती, तर मुलांच्या ३,००० वर ५.५२५ टक्क्यांनी १६५ डॉलर आणि वर काही सेंट वाचले असते. एवढाच मामला. मी हा आकडा सांगितला की समोरच्याचा चेहरा उतरतो. भारतातल्या जुन्या पद्धतीत मुलामागे महिना शंभर रुपयांचा शिक्षण भत्ता करमुक्त असायचा, त्याची आठवण होते म्हणतात.

पण तुमच्या बाबतीत १६५ सुद्धा का दिसत नाहीत? कारण तुमचा सगळा पगार न्यूयॉर्कचा. तो न्यूयॉर्क आधी करपात्र धरतं, नॉनरेसिडेंट म्हणून, आयटी-२०३ या फॉर्मवर. मग न्यू जर्सी, तुम्ही तिथले रहिवासी म्हणून, तोच पगार पुन्हा धरते आणि न्यूयॉर्कला भरलेल्या कराचं क्रेडिट देते. हे क्रेडिट दोन आकड्यांपैकी जो लहान असेल तेवढंच मिळतं : न्यूयॉर्कला प्रत्यक्ष लागलेला कर, किंवा न्यू जर्सीच्या करातला तेवढ्या उत्पन्नाचा वाटा.

तुमचेच आकडे घेऊ. भाड्याची वजावट वगैरे बाजूला ठेवतो. मुलं न धरता न्यू जर्सीचं करपात्र उत्पन्न १ लाख ३८ हजार, त्यावर कर सुमारे ४,८५०. मुलं धरली की १ लाख ३५ हजार, कर सुमारे ४,६८५. तिकडे न्यूयॉर्कचा कर साडेसहा हजारांच्या वर जातो. म्हणजे न्यू जर्सीचा कर ४,८५० असो की ४,६८५, न्यूयॉर्कचं क्रेडिट तो पूर्ण पुसून टाकतं. मुलांमुळे कर १६५ ने उतरला, त्याबरोबर क्रेडिटही १६५ ने उतरलं. खाली उरलं शून्य, आधीही शून्यच होतं. बँकेचं थोडं व्याज असेल तर दोन-चार डॉलरचा फरक दिसेल, बाकी काही नाही.

आता न्यूयॉर्कचं रिटर्न उघडा. तिथे प्रत्येक डिपेंडंटमागे १,००० चं एक्झेम्प्शन आहे. दोघांचे २,०००, आणि तुमच्या टप्प्यावर साडेपाच टक्के धरले तर ११० डॉलर. हेच तुमचं स्टेटमधलं 'चाइल्ड डिडक्शन'. तपासायचं असेल तर रिटर्नची एक प्रत काढा, त्यात मुलं काढून टाका, आणि न्यू जर्सीच्या रिफंडकडे न बघता आयटी-२०३ वरची कराची ओळ बघा. रिफंडच्या आकड्यात पगारातून कापलेला कर मिसळलेला असतो, त्यामुळे तिथे बघून काही कळत नाही. न्यूयॉर्कचं एम्पायर स्टेट चाइल्ड क्रेडिटही बरेच जण विचारतात. २०२५ साठी ते चार वर्षांखालच्या मुलाला १,००० पर्यंत आहे, त्यामुळे तुमच्या धाकट्याकडे बघून मोह होणं साहजिक आहे. पण ते न्यूयॉर्कच्या रहिवाशांसाठी आहे. हडसन ओलांडून रोज ट्रेनने जाणाऱ्याला ते नाही.

मग न्यू जर्सीत नावं कशाला भरायची, असा पुढचा प्रश्न येतोच. एक तर उद्या तुमच्या बायकोचं ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, आलं आणि तिला इथेच पन्नास हजारांची नोकरी लागली, की चित्र बदलतं. एकूण उत्पन्न १ लाख ९० हजार, त्यातला साधारण ७४ टक्के न्यूयॉर्कचा, उरलेला न्यू जर्सीचा. मुलांच्या ३,००० वर ६.३७ टक्क्यांनी १९१ वाचतात, पण त्यातला ७४ टक्के भाग क्रेडिटबरोबर वाहून जातो. हातात राहतात पन्नासेक डॉलर. दुसरं म्हणजे न्यू जर्सीचं स्वतःचं चाइल्ड टॅक्स क्रेडिट. ते २०२२ साली सुरू झालं, २०२३ पासून दुप्पट झालं : पाच वर्षांपर्यंतच्या मुलामागे १,००० पर्यंत. पूर्ण हजार मिळतात ते न्यू जर्सीचं करपात्र उत्पन्न ३० हजारांपर्यंत असलेल्यांना. पुढे टप्प्याटप्प्याने ८००, ६००, ४०० आणि शेवटी ६० ते ८० हजारांच्या मध्ये २००. ऐंशी हजारांच्या वर काही नाही, म्हणून तुम्ही त्यात बसत नाही. पण तुमच्या ओळखीत कोणी एकट्याच्या ७२ हजारांवर घर चालवत असेल आणि घरात तीन वर्षांचं मूल असेल, तर त्याला हे जरूर सांगा. त्या टप्प्यावर १,५०० च्या एक्झेम्प्शनने वाचतात जेमतेम ३७ डॉलर. क्रेडिटचे २०० मात्र कर शून्य झाला तरी रोख परत मिळतात, न्यूयॉर्कला नोकरी असली तरी. शिवाय मुलाकडे आयटीआयएन असला तरी ते चालतं. फेडरलमध्ये ज्या मुलाला पूर्ण क्रेडिट नाकारलं जातं, त्याला इथे मिळू शकतं. एनजे-१०४० या न्यू जर्सीच्या फॉर्मवर मुलांच्या नावापुढे जन्मवर्ष विचारतात, ते यासाठीही लागतं. त्याच ओळीत आरोग्य विमा नसल्याची खूण करायचा एक छोटा रकाना आहे. विमा असताना चुकून तिथे खूण झाली तर उगाच पत्रव्यवहार सुरू होतो.

कॉलेजचं मी मुद्दाम सांगतो, कारण तिथे माझीच चूक झालेली आहे. न्यू जर्सीत बावीस वर्षांखालचं मूल पूर्णवेळ कॉलेजात असेल आणि निम्म्याहून कमी नाही इतका खर्च आईवडील करत असतील, तर नेहमीच्या १,५०० वर आणखी १,००० चं एक्झेम्प्शन मिळतं. त्यासाठी वेगळी ओळ आहे, बारावी. कॉलेज न्यू जर्सीतच हवं असंही नाही. एका गृहस्थांचा मुलगा इंडियानात इंजिनिअरिंगला होता. मी तीन वर्षं त्यांचं रिटर्न भरत होतो आणि तीनही वर्षं बारावी ओळ कोरी. चौथ्या वर्षी त्यांनीच ट्यूशनची पावती पुढे करत विचारलं, "याचं इथे काहीच होत नाही का हो?" मला घाम फुटला. एनजे-१०४०एक्स भरून तीन वर्षांची दुरुस्ती केली, प्रत्येक वर्षाचे ६३ डॉलर ७० सेंट, माझी फी अर्थात शून्य. ते पैसे आल्यावर गृहस्थ पेढ्याचा पुडा घेऊन आले, ते जास्त लागलं. तेव्हापासून माझ्या प्रश्नावलीत मुलाचं वय सतराच्या वर गेलं की 'कॉलेज? फुल टाइम? खर्च कोणाचा?' हे तीन प्रश्न लाल शाईत आहेत. तुम्हाला याची गरज पडायला आठ-नऊ वर्षं आहेत. पण मोठी मुलं असलेले हे वाचत असतील तर त्यांनी आजच मागच्या तीन वर्षांची रिटर्न काढून बारावी ओळ बघावी. मागे जायची मुदत साधारण तेवढीच असते.

तुमच्या मुलीच्या आयटीआयएनबद्दल. सलग तीन वर्षं तो फेडरल रिटर्नवर वापरला नाही तर बाद होतो. स्टेटच्या रिटर्नवर नाव होतं म्हणून चालत नाही. एखादं वर्ष तुम्ही चौघं भारतात गेलात, नोकरी सुटली, रिटर्न भरायची वेळ आली नाही, असं झालं की हे लक्षातून जातं. ज्यांना मुलाचा आयटीआयएन अजून काढायचा आहे त्यांची खरी अडचण पासपोर्टची असते. डिपेंडंटच्या पासपोर्टवर अमेरिकेत शिरल्याची तारीख नसेल तर तो एकटा पुरत नाही. सहा वर्षांखाली असेल तर इथल्या डॉक्टरचे कागद, मोठं असेल तर शाळेचे, सोबत जोडावे लागतात. आणि हल्ली काही विमानतळांवर शिक्काच मारत नाहीत. म्हणून फेब्रुवारीतच शाळेच्या ऑफिसातून पत्र आणून ठेवा, एप्रिलमध्ये सगळ्यांचीच गर्दी असते. डब्ल्यू-७, म्हणजे आयटीआयएनचा अर्ज, फेडरल रिटर्नला जोडूनच जातो, त्यामुळे नंबर हातात येईपर्यंत स्टेट अडकतं. अशा वेळी मी सरळ मुदतवाढ घेतो आणि लागणारा अंदाजे कर १५ एप्रिलच्या आत भरायला लावतो. मुदतवाढ कागदांना असते, पैशांना नसते. हे वाक्य मी वर्षातून पन्नास वेळा म्हणतो आणि तरी दरवर्षी कोणीतरी व्याज भरतं.

आणखी एक भानगड आपल्या नावांची. आपल्याकडे मुलीच्या नावापुढे वडिलांचं नाव येतं. पासपोर्टवर ही दोन्ही 'गिव्हन नेम'च्या ओळीत एकत्र बसतात, इथल्या कार्डावर त्यातलं दुसरं मधलं नाव होतं, आणि शाळेत तर भलतंच काही. रिटर्न इलेक्ट्रॉनिक पद्धतीने जातं तेव्हा नंबर आणि आडनावाची पहिली चार अक्षरं जुळवून बघतात. जुळली नाहीत की रिटर्न परत. माझ्याकडे एक कुटुंब आलं होतं, त्यांच्या मुलाच्या पासपोर्टवर आडनावाची ओळच रिकामी, सगळं नाव गिव्हन नेममध्ये. व्हिसावर नावाच्या जागी एफएनयू ('फर्स्ट नेम अननोन') आणि आडनावाच्या जागी मुलाचं, वडिलांचं आणि घराण्याचं नाव एका दमात. रिटर्न दोनदा परत आलं. शेवटी आयटीआयएनच्या पत्रावर जसं छापलं होतं, अक्षरन् अक्षर तसं टाकलं तेव्हा गेलं. घरात काय हाक मारता याच्याशी त्यांना देणंघेणं नाही, पत्र समोर ठेवून टाइप करा.

तुम्ही शेवटी विचारलंय, की दुसऱ्या राज्यात गेलो तर जास्त मिळेल का. मुलांच्या एक्झेम्प्शनसाठी कोणी घर हलवू नये, पण फरक मोठे आहेत हे खरं. तुम्ही नॉर्थ कॅरोलिनात, केरीला वगैरे गेलात तर तिथे खरोखरच 'चाइल्ड डिडक्शन' नावाची गोष्ट आहे. पण ती उत्पन्नाप्रमाणे घटत जाते : जोडप्याचं उत्पन्न ४० हजारांपर्यंत असेल तर मुलामागे ३,०००, ८० हजार ते एक लाखाच्या मध्ये १,५००, आणि १ लाख ४० हजारांच्या वर शून्य. शिवाय फेडरलचं चाइल्ड टॅक्स क्रेडिट ज्या मुलाला मिळतं त्याच्याशी ती बांधलेली आहे, म्हणजे मूल सतराचं झालं की गेली. दोघंही आयटीत असलेल्या घरात ती ओळ कोरीच राहते. मिशिगनमध्ये २०२५ साठी डोईमागे ५,८००, दर सव्वाचार टक्के, म्हणजे मुलामागे जवळपास २४६ डॉलर. इलिनॉयमध्ये त्याच वर्षासाठी २,८५०, दर ४.९५, म्हणजे १४१, पण जोडप्याचं उत्पन्न पाच लाखांच्या वर गेलं की काही नाही. मॅसॅच्युसेट्स मला सगळ्यात सरळ वाटतं : हजाराच्या एक्झेम्प्शनचे पन्नास डॉलर आणि शिवाय तेराच्या आतल्या प्रत्येक मुलामागे ४४० चं परत मिळणारं क्रेडिट, उत्पन्नाची मर्यादाच नाही. बॉस्टनकडचे लोक याची बढाई मारत नाहीत, तिथलं डे-केअर बघितलं की का ते कळतं. जॉर्जियात २०२४ पासून डिपेंडंटमागे ४,०००, आणि तिथे तर पोटातल्या बाळाचे ठोके ऐकू आले असतील तर त्याचंही एक्झेम्प्शन घेता येतं, २० जुलै २०२२ पासून. फेडरलमध्ये मात्र बाळ ३१ डिसेंबरच्या रात्री बारापर्यंत जन्मलेलं असावं लागतं, मग पूर्ण वर्षाचं धरतात.

कॅलिफोर्नियाची गोष्ट वेगळी. तिथे रक्कम उत्पन्नातून वजा होत नाही, थेट करातून होते. २०२४ साली डिपेंडंटमागे ४६१ डॉलर, फार मोठ्या उत्पन्नावर ती कमी होत जाते. आणि ज्या डिपेंडंटला सोशल सिक्युरिटी नंबरही मिळत नाही आणि आयटीआयएनही मिळत नाही, त्याच्यासाठी तिथे एफटीबी ३५६८ नावाचा वेगळा फॉर्म आहे. ओळखीचे कागद जोडायचे आणि क्रेडिट घ्यायचं. सनीवेल-फ्रीमाँटकडची आपली मंडळी हे फार कमी वापरतात, कारण सॉफ्टवेअर ते आपणहून विचारत नाही.

पेनसिल्व्हेनियात ३.०७ टक्के सरसकट दर आहे आणि कमी उत्पन्नवाल्यांची करमाफी सोडली तर मुलांमागे एक्झेम्प्शन नावाची ओळच नाही. तिथे राहून न्यू जर्सीत नोकरी करणारे, किंवा उलट, यांच्या पगारावर फक्त राहत्या राज्याचा कर लागतो, दोन राज्यांत तसा करार आहे. म्हणजे तुमची नोकरी मॅनहॅटनऐवजी पेनसिल्व्हेनियात (फिलाडेल्फिया शहर सोडून, त्या शहराचा पगारावर स्वतःचा कर आहे) असती तर पगारावर राज्याचा कर न्यू जर्सीचाच लागला असता आणि मुलांचे १६५ पूर्ण मिळाले असते. टेक्सास, फ्लोरिडा, वॉशिंग्टन यांच्याबद्दल विचारू नका, तिथे पगारावर राज्याचा करच नाही, वजावट कशातून करणार?

राज्य बदलाच तर महिना बघून बदला. न्यू जर्सीत वर्षाच्या मधे आलात तर एक्झेम्प्शन महिन्यांच्या प्रमाणात मिळतं, आणि पंधरा दिवस किंवा जास्त राहिलात तो महिना पूर्ण धरतात. डॅलसहून १० ऑगस्टला आलेल्या एका कुटुंबाचे पाच महिने झाले, १,५०० चे ६२५. त्यांनी सॉफ्टवेअरमध्ये तारीख २० ऑगस्ट टाकली होती, भाड्याचा करार तेव्हाचा म्हणून. बारा दिवस म्हणजे महिना बुडाला असता. पहिले दहा दिवस दोन्ही मुलांना घेऊन ते इथेच मित्राकडे राहिले होते, नोकरीही सुरू झाली होती. तारीख दुरुस्त केली.

तुमच्या रिटर्नमध्ये आता एवढंच करा : न्यू जर्सीत दोन्ही मुलं दहाव्या ओळीत आहेत ना, न्यूयॉर्कच्या आयटी-२०३ वर मुलीचंही नाव आयटीआयएनसकट गेलंय ना, हे बघा. तुमच्यासारख्या बऱ्याच रिटर्नमध्ये ते एकच नाव गळलेलं मी पाहिलंय, कारण फेडरलमध्ये पहिल्या वर्षी नंबर यायचा होता आणि नंतर न्यूयॉर्कची यादी कोणी उघडूनच बघितली नाही. तसं झालं असेल तर ११० च्या जागी ५५ च मिळत असतील, आणि मागच्या वर्षाचीही दुरुस्ती करावी लागेल.